मध्यबिंदू आणि एकक सदिश: थोडी भर

या चर्चेत एका सदस्यांनी अ(२, −१) आणि ब(८, ७) यांचा मध्यबिंदू (३, ४) असा काढला आहे. निर्देशकांची वजाबाकी करून निम्मे केल्यामुळे मिळालेले हे उत्तर मध्यबिंदूचे स्थान नसून अ पासून मध्यबिंदूपर्यंत जाणारा सदिश (लांबी आणि दिशा दोन्ही असलेली राशी) आहे. तो अ च्या निर्देशकांत मिळवला की (५, ३) येते, आणि बेरीज करून निम्मे करण्याच्या नेहमीच्या सूत्रानेही तेच येते.

सदिश अब (६, ८) असून त्याचे परिमाण (लांबी) १० आहे, म्हणून एकक सदिश, म्हणजे त्याच दिशेचा १ लांबीचा सदिश, (३/५, ४/५) होतो. अ पासून ब च्या दिशेने १५ एकक अंतरावरचा बिंदू हवा असल्यास या एकक सदिशाला १५ ने गुणून अ मध्ये मिळवावे. (११, ११) हे उत्तर येते आणि तो बिंदू अर्थातच ब च्या पलीकडे पडतो. रेषाखंडाला दिलेल्या गुणोत्तरात विभागणारा बिंदू देणाऱ्या विभाजन सूत्रानेही हे जमते, पण बाह्य विभाजनाच्या (बिंदू रेषाखंडाबाहेर असतानाच्या) चिन्हांत विद्यार्थी हमखास अडकतात.

मध्यबिंदू आणि एकक सदिश या दोन्ही कल्पनांतला खरा फरक त्रिकोणात दिसतो. क(७, −१) घेतल्यास सदिश अक (५, ०) आहे. अब आणि अक यांची सरळ बेरीज (११, ८) ही अ मधून जाणाऱ्या मध्यगेची दिशा देते, कारण तिचे निम्मे म्हणजे अ पासून बक च्या मध्यबिंदूपर्यंतचा सदिश होय. कोनदुभाजकासाठी मात्र आधी दोघांचे एकक सदिश घ्यावे लागतात. त्यांची बेरीज (८/५, ४/५), म्हणजे दिशा (२, १). बाजू असमान असल्याने या दोन रेषा येथे वेगळ्या आहेत. अब आणि अक यांची लांबी समान असती तर त्या एकच झाल्या असत्या.