हुकमी खेळाडू आणि बाकीच्या चौघी

बास्केटबॉल संघाची सारी रचना सर्वाधिक गुण करणाऱ्या खेळाडूभोवतीच असावी, हे मत मला अर्धेच पटते. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत मायकेल जॉर्डनने १९८६-८७ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी ३७.१ गुण केले, तरी त्याचा संघ शिकागो बुल्स बाद सामन्यांच्या पहिल्याच फेरीत बोस्टनकडून ३-० असे हरले. १९८९ मध्ये फिल जॅक्सन बुल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले, सहायक प्रशिक्षक टेक्स विंटर यांची त्रिकोणी आक्रमणपद्धती (तिघांनी त्रिकोणात उभे राहून एकमेकांना पास देत खेळण्याची) त्यांनी रुजवली, चेंडू इतरांच्याही हाती फिरू लागला आणि १९९१ मध्ये, जॉर्डनची सरासरी ३१.५ वर आलेली असताना, पहिले विजेतेपद मिळाले. (जॉर्डनचा सहकारी स्कॉटी पिपेन तोवर तयार झाला होता, हेही खरे.)

सांगलीत मी संध्याकाळी मुलींच्या संघाचा सराव घेतो. आमची हुकमी खेळाडू डावीकडून आत घुसते, तेव्हा कोपऱ्यातली मुलगी हात खाली सोडून नुसती पाहत राहते आणि अवचित आलेला पास तिच्या बोटांवरून निसटतो. मला काळजी वाटते ती त्या खाली सोडलेल्या हातांची. म्हणून सरावात तीन पास झाल्याखेरीज मी कोणाचीच बास्केट मोजत नाही. अटीतटीच्या शेवटच्या दोन मिनिटांत मात्र चेंडू हुकमी खेळाडूकडेच जावा, याबद्दल माझे दुमत नाही.