परदेशातल्या टेक कंपनीत इंटर्नशिप: सेमिस्टर मागे पडलं तरी जावं का?

निळीशाई
माझ्या धाकट्या बहिणीला जर्मनीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा महिन्यांच्या इंटर्नशिपची ऑफर आलीय. हो म्हटलं तर एक सेमिस्टर मागे पडतं, डिग्री अर्धं वर्ष उशिरा. घरात दोन तट पडलेत. मी उघडपणे "जा" म्हणणाऱ्यांत आहे. का ते सांगते, मग तुम्ही बोला.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका देशात तीन महिने इंटर्न होते. पहिला पुल रिक्वेस्ट (माझा कोड मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) टाकला तो जेमतेम साठ ओळींचा, कॉलेजात "चालतोय ना, मग झालं" म्हणून सही मिळाली असती. तिथे त्यावर सदतीस कमेंट आल्या. मी रात्री रडले हेही खरं. पण त्यातली एक कमेंट अजून पाठ आहे. सर्व्हरकडून उत्तर आलं नाही तर लगेच परत विचारायचं, असं मी लिहिलं होतं. रिव्ह्यू करणारीने विचारलं, सर्व्हर पडलाय म्हणूनच उत्तर येत नसेल आणि तुझ्यासारखे दहा हजार क्लायंट त्याच सेकंदाला परत धडकले तर तो उठणार कसा? मग तिने माझ्या शेजारी बसून दाखवलं, दर वेळी थांबायचा वेळ दुप्पट करायचा आणि त्यात थोडा रँडम वेळ मिसळायचा, म्हणजे सगळे एकदम दारात येत नाहीत. हाच एक्सपोनेन्शियल बॅकऑफ मी परीक्षेत व्याख्येसकट लिहून मार्क घेतले होते, पण ते कशासाठी असतं हे मला त्या दुपारी कळलं. बहिणीला हेच मिळावं एवढीच माझी इच्छा आहे.

मध्यरात्र
ताई, किस्सा भारी आहे पण यात परदेश कुठे आला? तुम्हाला चांगली रिव्ह्यूअर मिळाली, एवढंच झालं. असा रिव्ह्यू घरबसल्या मिळतो. गूगल समर ऑफ कोड हा ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पांवर काम करायचा कार्यक्रम 2005 पासून चालू आहे, 2022 पासून तर विद्यार्थी असायचीही अट राहिली नाही, ओपन सोर्समध्ये नवीन असलेल्या अठरा वर्षांवरच्या कुणालाही अर्ज करता येतो, मानधनही मिळतं. तिथले मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) सदतीस काय सत्तर कमेंट टाकतील, आणि मुख्य म्हणजे त्या जन्मभर सगळ्यांना दिसतात. इंटर्नशिपचा कोड एनडीएखाली, म्हणजे गुप्ततेच्या कराराखाली, गाडला जातो, पुढच्या इंटरव्ह्यूत "मी एका इंटर्नल टूलवर काम केलं" याच्या पुढे बोलता येत नाही. आणि ते टूल बाहेर कुणी वापरतही नाही.

जुनाबग
शेवटचं वाक्य पटलं नाही. आतली टूल्स बाहेर येतात की. गूगलच्या आतलं कोडपासून प्रोग्रॅम तयार करणारं टूल ब्लेझ 2015 मध्ये बेझेल म्हणून ओपन सोर्स झालं, पुष्कळ सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या बोर्गवर काम केलेल्या लोकांच्या अनुभवातून 2014 मध्ये तशाच कामाचं कुबरनेटिस आलं. टूल बदललं तरी ते तसं का बांधलंय ही समज आपल्याकडे राहतेच. आणि ओपन सोर्समध्ये प्रॉडक्शन (लोक प्रत्यक्ष वापरतात ती सिस्टीम) पडल्यावर रात्री दोनला टीम कशी वागते हे बघायला मिळत नाही. कोण कुणावर ओरडतं, का कुणीच ओरडत नाही, आधी काय बंद करतात, नंतर काय लिहून ठेवतात. ते त्या खोलीत बसूनच दिसतं.

पायवाट
मी जर्मनीत सहा महिने इंटर्न होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो आणि माझं मत "नको" असं आहे, निदान या पद्धतीने नको. कोडिंगबद्दल कुणी वाईट बोलणार नाही, पण पहिले दोन महिने मी कोडिंग केलंच कुठे. तिथे घरात राहायला गेल्यावर पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्याला घरमालकाची सही असलेला कागद लागतो, आणि मला ज्याने खोली पोटभाड्याने दिली त्याला स्वतःलाच ती द्यायची परवानगी नव्हती म्हणून तो सही देईना. नोंदणी नाही म्हणून टॅक्स नंबर नाही, नंबर नाही म्हणून पगारातून सगळ्यात वरच्या वर्गाचा टॅक्स कापला गेला. रिटर्न भरल्यावर परत मिळाला, पण कधी, तर मी घरी आल्यावर कितीतरी महिन्यांनी. तोपर्यंत भाडं उसने पैसे घेऊन भरलं. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी खोल्या शोधायच्या आणि मग स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये) उभं राहून "काल काही झालं नाही" म्हणायचं, मेंटॉर भला माणूस होता, पण तिसऱ्या आठवड्यानंतर त्याने मला महत्त्वाचं काम द्यायचं थांबवलं. त्याचाही दोष नाही. सहा महिन्यांतले चारच हातात राहिले आणि इथे सेमिस्टर पूर्ण गेलं. हा हिशोब "जा" म्हणणारे कधी मांडत नाहीत.

निळीशाई
पायवाट, हे वाचून खरंच वाईट वाटलं, आणि मी घराचा विषय गृहीतच धरला होता हे मान्य करते. माझ्या वेळी कंपनीनेच राहायची सोय केली होती म्हणून ते डोक्यातच आलं नाही. पण मग प्रश्न "जावं का" हा नाही ना, "नोंदणीचा कागद मिळेल अशी खोली आधी हातात आहे का" हा आहे. ते जमलं तर?

पायवाट
जमलं तर अर्धा विरोध मागे. उरलेला अर्धा पगाराचा. ऑफर लेटरमध्ये इंटर्नशिप ऐच्छिक लिहिलीय की अनिवार्य, ते बघा. तिथल्या किमान वेतनाच्या कायद्यात, जो 2015 पासून लागू आहे, कॉलेजने अभ्यासक्रमात सक्तीची केलेली इंटर्नशिप बसत नाही, तिला किमान वेतन द्यायचं बंधन नाही. ऐच्छिक असेल आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त असेल तर मात्र पहिल्या दिवसापासून द्यावंच लागतं. म्हणून "कॉलेजकडून अनिवार्य असल्याचं पत्र आणा" असं कंपनी म्हणाली की कान टवकारायचे. तुमच्या बहिणीचं सेमिस्टर मागे पडतंय म्हणजे ती अभ्यासक्रमाचा भाग नाही, बरोबर ना?

निळीशाई
बरोबर. आणि असं पत्र त्यांनी मागितलंय. मला वाटलं होतं व्हिसासाठी असेल.

मध्यरात्र
हेच मी म्हणतोय. बावीस वर्षांच्या मुलीने दुसऱ्या देशाचा कामगार कायदा वाचायचा मग कोड लिहायचा.

चौथीखिडकी
वाचावाच लागेल, त्यात काय. कायदा इंटर्नच्या बाजूनेही असतो पण त्याला विचारायला कुणीतरी लागतं. मी अमेरिकेत जे-1 व्हिसावर इंटर्न म्हणून गेले होते. तिथे डीएस-7002 नावाचा फॉर्म असतो, काय शिकवणार, कोण देखरेख करणार, किती आठवडे कशावर, हे सगळं त्यात लिहून इंटर्न, कंपनी आणि स्पॉन्सर संस्था तिघांच्या सह्या होतात. कारकुनी काम वीस टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही असाही नियम आहे. मला पहिला महिनाभर एक्सेलच्या शीट जुळवायला बसवलं होतं, मी तो फॉर्म मॅनेजरसमोर ठेवला आणि विचारलं की यातलं तिसऱ्या आठवड्याचं काम कधी सुरू करूया. आवाज चढवला नाही, पाय मात्र लटपटत होते. दोन दिवसांत टीम बदलली. फ्रान्समध्येही विद्यार्थी, कॉलेज आणि कंपनी असा करार झाल्याशिवाय इंटर्नशिप करता येत नाही, आणि दोन महिन्यांच्या वर गेली की मानधन द्यावंच लागतं. तेव्हा मध्यरात्र, कागद वाचणं हे फालतू काम नाहीये, मी तर म्हणेन तेही त्या शिक्षणातच येतं.

जुनाबग
अमेरिकेचा विषय निघालाय तर तिथे आधीच शिकत असलेल्यांसाठी एक लिहून ठेवतो, कारण माझा एक मित्र यात अडकला. सीपीटीवर (शिकता शिकता काम करायची परवानगी) फुलटाइम इंटर्नशिप करत करत बारा महिने भरले की त्या डिग्रीनंतरची ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ काम करायची परवानगी, हातची जाते. त्याला वाटलं जेवढा अनुभव तेवढं चांगलं.

मध्यरात्र
आणि मूळ आशा सगळ्यांची तीच असते, इंटर्नशिप मग नोकरी मग तिथेच. कंपनीने नोकरी देऊ केली तरी अमेरिकेत एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या वर्षाला 85,000 जागा, त्यासाठी लॉटरी. तुमचं काम कितीही उत्तम असो, लॉटरी ते बघत नाही. या आशेवर सेमिस्टर सोडू नये एवढंच माझं म्हणणं आहे. नुसतं शिकायला जायचं असेल, पगार किमान वेतनाचा असेल, खोली ठरली असेल, तर माझा विरोध नाही. पण घरात कुणी असं स्पष्ट बोललंय का तिच्याशी?

निळीशाई
नव्हतं बोललं. काल रात्री बोलले. ती म्हणाली तिला तिथे राहायचं नाहीये, तिला डेटाबेसच्या आतलं काम बघायचंय आणि इथे कॉलेजात ते शिकवणारं कुणी नाही. मला एकदम बरं वाटलं, कारण हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं आणि आम्ही दोन्ही तट तिच्या डोक्यावरून भांडत होतो.

कंपनीला तिने स्वतः मेल केलाय. इंटर्नशिप ऐच्छिक म्हणून लिहून द्याल का, पत्त्याच्या नोंदणीचा कागद मिळेल अशी खोली शोधायला मदत कराल का, आणि माझा कोड रोज कोण वाचणार त्या व्यक्तीशी अर्धा तास बोलता येईल का. दुसऱ्याला लगेच हो आलं. पहिल्यावर "एचआरला विचारतो". तिसऱ्याचं उत्तर अजून नाही, आणि ती म्हणते त्याला नाही आलं तर बाकी दोन हो असूनही ती जाणार नाही. शुक्रवारपर्यंत थांबणार आहोत.

पायवाट
तिसरा प्रश्न तिचा स्वतःचा का? मी तो विचारायला हवा होता. उत्तर आलं की इथे लिहा. आणि खोलीच्या करारावर सही करायच्या आधी मला मेसेज करायला सांगा तिला, त्यात काय बघायचं ते मला आता पाठ आहे.