ग्रॅनाइटचं ए/सीएनके (ॲल्युमिना भागिले कॅल्शियम ऑक्साइड, सोडा, पोटॅशची बेरीज) १.४६ येऊन राहिलं पण स्लाइडमध्ये (दगडाच्या पातळ कापात) हॉर्नब्लेंड आहे, मग एस टाइप (गाळाचे खडक वितळून झालेला) म्हणू का?

दगडवाला_नागपूर:
नमस्कार मंडळी, एमएससी जिऑलॉजी फायनलला आहे, डेझर्टेशनसाठी डोंगरगड साइडचे ग्रॅनाइट घेतलेत. एक्सआरएफचा (क्ष-किरणांनी दगडाची रसायनं मोजतात तो) रिझल्ट कालच आला. एका सॅम्पलचे आकडे, वजनाच्या टक्क्यांत: सिलिका ७२, ॲल्युमिना १४.२, कॅल्शियम ऑक्साइड १.१, सोडा ३.६, पोटॅश ५.०. टीएएसवर (सिलिका विरुद्ध सोडा अधिक पोटॅशचा आलेख) टाकलं तर सरळ ग्रॅनाइटमध्ये पडतं, तिथे काही भानगड नाही, पण शँडच्या डायग्रामवर ए/सीएनके १.४६ येतं म्हणजे पार पेराल्युमिनस (ॲल्युमिना जास्तीचं), आणि स्लाइडमध्ये हिरवं हॉर्नब्लेंड, बायोटाइट आणि थोडं स्फीन, एस टाइपमध्ये दिसणारं मस्कोव्हाइट गार्नेट काहीच नाही. परवा गाइडला दाखवायचंय, काय लिहू?

पेट्रो_ताई:
अरे थांब, एस टाइप लिहू नको! तू टक्क्यांनाच भागलंस ना? १४.२ भागिले ९.७, बरोबर १.४६. ए/सीएनके मोलमध्ये काढतात रे, म्हणजे प्रत्येक टक्का त्याच्या रेणुभाराने भागून. ॲल्युमिना भागिले १०१.९६, कॅल्शियम ऑक्साइड भागिले ५६.०८, सोडा ६१.९८ ने आणि पोटॅश ९४.२ ने. मग येतं ०.१३९३ भागिले ०.१३०८, म्हणजे १.०६ च्या आसपास. चॅपेल आणि व्हाइट यांनी १९७४ मध्ये आय (अग्निज खडक वितळून झालेला) आणि एस टाइपच्या मधे १.१ ची रेघ मारली, तू तिच्या खालीच आहेस, आणि हॉर्नब्लेंड हे आय टाइपचं खनिज, ते तर आधीपासून तेच सांगत होतं. स्लाइड आणि आकडा भांडत असले की मी आधी आकडा तपासते.

फील्डवाले_काका:
ताईंनी बरोबर पकडलं. आता भाऊ एक सांग, सॅम्पल कुठून फोडलं, मुरूम झालेल्या वरच्या थरातून तर नाही ना? फेल्डस्पार कुजून माती व्हायला लागला की सोडा न् कॅल्शियम पाण्यासोबत निघून जातात, ॲल्युमिना तिथेच बसून राहतं, अन् ए/सीएनके उगाच फुगतो. एलओआय (तापवल्यावर घटलेलं वजन) बघ, जास्त असेल तर ते सॅम्पल बाजूला ठेव. अन् फेल्डस्पारचे खडे मोठे असतील तर मुठीएवढा तुकडा पुरत नाही, चांगले काही किलो फोडून आणावे लागतात, नाहीतर एकच खडा सगळं पोटॅश वाढवून देतो.

दगडवाला_नागपूर:
ताई, खरंच टक्केच भागले होते, सगळी शीट पुन्हा केली, या सॅम्पलचं १.०६५ आलं! काका, एलओआय ०.६ आहे, ताज्या खाणीतलं आहे. आता पिअर्सचा १९८४ चा रुबिडियम विरुद्ध इट्रियम अधिक नायोबियम आलेख टाकतो, त्यावरून टेक्टॉनिक सेटिंग (भूपट्टांच्या कोणत्या परिस्थितीत बनला ते) लिहून टाकू ना?

पेट्रो_ताई:
टाक, पण थेट निकाल देऊ नको. तो डायग्राम बराचसा मॅग्मा कशातून वितळला ते सांगतो, आणि भूपट्टांच्या टकरीनंतरचे ग्रॅनाइट त्यावर दोन-तीन फील्डमध्ये पसरतात. फ्रॉस्टची २००१ ची पद्धत पण कर, फेरोअन (मॅग्नेशियमच्या मानाने लोह जास्त) की मॅग्नेशियन ते कळेल. तिथे एक लक्षात ठेव, एक्सआरएफ लोह फेरिक म्हणून देतं, त्याला ०.९ ने गुणून फेरस कर मगच गुणोत्तर काढ, नाहीतर पुन्हा तीच गंमत.