काम होत नाही, पण टक्के भरत नाहीत. अर्ज कुठे करायचा?

सेतूसमोरचा (धागालेखक)

गावातला एक गवंडी परांचीवरून पडला. मणक्याचं ऑपरेशन झालं. चालतो, जेवतो, बोलतो, पण वाकता येत नाही आणि घमेलं उचलणं तर विसराच. जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डाने ३० टक्क्यांचा दाखला दिला. ४० च्या खाली म्हणून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) पांढऱ्या पट्ट्याचं, आणि संजय गांधी निराधार योजनेत अपंग म्हणून बसत नाही. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होती. तिथे कायमच्या अपंगत्वाचे दोन लाख आहेत, पण ते ७५ टक्क्यांच्या पुढे.

मी लोकांचे फॉर्म भरून देतो, त्यामुळे अशी माणसं रोज समोर बसतात. माझं म्हणणं एवढंच की निराधार अनुदान कमवू न शकणाऱ्यासाठी आहे, तर 'आधी काय काम करत होतास, आता ते होतं का' हा प्रश्न अर्जात कुठेच का नाही? ४० ची अट काढा आणि कमाई किती बुडाली ते बघा. मतं द्या. 'सरकार झोपलंय' छापाचे प्रतिसाद नकोत, त्यासाठी बाकीचे धागे आहेत.

निवृत्त अव्वल कारकून

असहमत, आणि ठामपणे. निराधारच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत. तालुक्याच्या समितीचा अध्यक्ष अशासकीय असतो, म्हणजे कुठल्या तरी पक्षाचा कार्यकर्ता. समोर टक्क्यांचा कागद असतो म्हणून तो 'ह्याला घ्या, त्याला पुढच्या मीटिंगला बघू' करू शकत नाही. क्षमता म्हटलं की निवडणुकीच्या वर्षी अख्ख्या तालुक्याची कंबर धरेल.

उदाहरण समोरच आहे. इतर निराधारांना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार, दिव्यांगांना ५० हजार. आता गठ्ठ्यातले उत्पन्नाचे दाखले काढून बघा, सगळे २०-२१ हजारांचे. अंदाजाला जागा ठेवली की असं होतं. तेच अपंगत्वात आणायचंय का?

बांधावरून

कारकूनसाहेब, ते दाखले खोटे का असतात तेही सांगा की. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. नवरा-बायकोने मिळून तेव्हाचे हक्काचे शंभर दिवस भरले तर ३१,२०० होतात. म्हणजे सरकारनेच दिलेलं काम पूर्ण केलं तर ते घर सरकारच्याच हिशोबाने निराधार राहत नाही. तलाठ्याने खरा आकडा लिहिला तर गावात एक विधवा बसणार नाही योजनेत. खोटारडे लोक नाहीत, मर्यादा खोटी आहे.

आणि लाडक्या बहिणीला अडीच लाख चालतात!

टीडीएस कापलेला

आलीच लाडकी बहीण. धागा भरकटायच्या आत विचारतो: चालतो, बोलतो, हात शाबूत आहेत, मग दुसरं काम का नाही? वॉचमन, दुकानात हिशोब, फोनवरचं काम. पूर्वीचंच काम जमलं पाहिजे, नाहीतर बाकीच्यांनी पोसायचं, हे मला तरी पटत नाही. माझ्या वडिलांनी बायपासनंतर गिरणी सोडून टपरी टाकली.

सेतूसमोरचा

टपरीला भांडवल आणि नाका लागतो. आमच्या गावात वॉचमन ठेवणारं एक घर दाखवा, मी स्वतः याला तिथे सोडून येतो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, फोनवर कुणाशी आणि काय बोलणार?

पिवळा पट्टा

मी या वादात दोन्हीकडून सापडते. लहानपणी पोलिओ झाला, दाखला ५५ टक्क्यांचा, नोकरी करते. अनुदान मला लागत नाही, उत्पन्नात बसतही नाही. तरीही धागालेखकाची सूचना मला धोक्याची वाटते. कमाई हा निकष आला की उद्या म्हणतील, बाई, तुम्ही तर पगार घेता, मग कसलं अपंगत्व? अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. हे कुणी ताटात वाढलेलं नाही, लोक भांडलेत त्यासाठी. २०२४ मध्ये पूजा खेडकर प्रकरण (प्रशिक्षणार्थी आयएएसवर खोट्या दाखल्याचा आरोप) पेपरात गाजत होतं तेव्हा ऑफिसात माझ्याकडे पुन्हा दाखला मागितला होता. 'सहज', असं म्हणाले. निकष जेवढा सैल, तेवढा संशय आमच्यासारख्यांवर जास्त.

सेतूसमोरचा

ताई, मग दोन्ही वेगळं ठेवा ना. बसची सवलत, आरक्षण, कार्ड हे टक्क्यांवरच राहू द्या. फक्त पोटापाण्याचं अनुदान कामावर ठरवा. तुमच्या कार्डाला कुणी हात लावत नाही.

पिवळा पट्टा

'कुणी हात लावत नाही' हे तुम्ही म्हणताय. शासन निर्णय काढणारा म्हणत नाहीये.

काळा कोट

कमाईची हानी मोजता येत नाही असं वर गृहीत धरलंय, ते चूक आहे. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा नेमकं हेच मोजायचा. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण होतं, डावा हात कोपराच्या वर कापलेला. कायद्याच्या परिशिष्टात त्या हाताचे टक्के ठरलेले होते, पण न्यायालय म्हणालं की एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा भरपाई पूर्ण अपंगत्वाची. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या वाहन अपघाताच्या निकालातही शरीराचे टक्के वेगळे आणि कमाईचं नुकसान वेगळं, हे स्पष्ट केलंय. तोच हात गेलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते, ड्रायव्हरची नाही.

बोर्डाच्या डॉक्टरांवर राग काढू नका. सांधा किती वळतो, स्नायूत किती जोर आहे, हे ते बघतात. पेशा विचारणं त्यांच्या कामातच नाही.

अवांतर: या गवंड्याच्या ठेकेदारावर दावा केलाय का? दोन वर्षांची मुदत असते.

निवृत्त अव्वल कारकून

सुताराला न्याय मिळाला, आनंद आहे. पण तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर! वकील, साक्षी, उलटतपासणी. तहसीलदाराने प्रत्येक निराधारासाठी हे करायचं? त्याच्याकडे पीक पंचनामे आहेत, निवडणूक आहे, टँकर आहेत.

सेतूसमोरचा

ठेकेदार म्हणतो, हा माणूस माझ्याकडे कामालाच नव्हता. हजेरीची वही त्याच्याकडेच.

कारकूनसाहेब, तुमच्याच योजनेत कर्करोग, क्षयरोग, एड्स अशा दुर्धर आजाराने चरितार्थ चालवू न शकणारे बसतात. तिथे टक्के कुठे लागतात? 'चरितार्थ' हा निकष तुम्ही वर्षानुवर्षं वापरलाय, मग मोडलेल्या मणक्यालाच का नको?

निवृत्त अव्वल कारकून

तिथे रोगाचं नाव असतं, रिपोर्ट असतो. पाठदुखीचा रिपोर्ट कुणीही आणतो.

आदिलाबादकर

तुमचं भांडण वाचून गंमत वाटते. तेलंगणात २०२३ पासून दिव्यांगांना महिना ४,०१६ मिळतात. शेजारच्या आंध्रात जुलै २०२४ पासून ६,०००, आणि अंथरुणाला खिळलेल्याला १५,०००. ४० ची अट आमच्याकडेही आहे, पण आत गेलेल्याच्या हातात काहीतरी पडतं. माझी मावशी किनवटला असते. तिला १,५०० येत होते, आता २,५०० झाले म्हणून पेढे वाटायचे बाकी आहेत.

बांधावरून

तेही २०२५ च्या ऑक्टोबरपासून, आणि फक्त दिव्यांगांना. बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसले तेव्हा मागणी ६,००० ची होती. केंद्राचं तर बोलूच नका. ८० टक्के अपंगत्व, वर दारिद्र्यरेषेखाली, तरी केंद्राचे ३०० रुपये, २०१२ पासून तेवढेच.

२०१६ च्या कायद्याचं कलम २४ वाचा. इतरांना जी मदत मिळते त्यापेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के जास्त द्यायची आहे. लाडकी बहीण जुलै २०२४ ला १,५०० वर सुरू झाली, दिव्यांगही १,५०० वरच. सव्वा वर्ष कुणाच्या लक्षात आलं नाही का हे?

टीडीएस कापलेला

म्हणजे रक्कमही वाढवा, अटही काढा, उत्पन्नमर्यादाही वाढवा. पैसे कुठून आणायचे ते कुणी लिहीत नाही. माझं मत: आधी खोटे काढा, मग खऱ्याला दुप्पट द्या. ३० टक्केवाला त्यात राहून गेला तर वाईट वाटेल, पण रेघ कुठेतरी ओढावीच लागते.

सेतूसमोरचा

रेघेला माझी हरकतच नाही. गवंड्याची रेघ आणि कारकुनाची रेघ एकच, याला आहे.

निवृत्त अव्वल कारकून

तुमचा मुद्दा मला कळला, पटला नाही. पण त्या माणसाचं काम अडवू नका. दाखला कधीचा आहे? बोर्डाच्या निर्णयावर ठरलेल्या मुदतीत अपील करता येतं, २०१६ च्या कायद्याचं कलम ५९. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशननंतरचा एमआरआय दोन्ही जोडा. बऱ्याच वेळा लोक आधीचाच एमआरआय लावतात. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी असतात, त्याचाही अर्ज वेगळा द्या आणि पोच घ्या. पांढऱ्या कार्डावर देत नाहीत असं ग्रामसेवक म्हणेल, तर लेखी द्या म्हणावं.

पिवळा पट्टा

आणि अपिलात 'मी गवंडी होतो' हे लिहाच. विचारलं नाही म्हणून सांगू नये असं थोडंच आहे.