गॅमा किरणांनंतर क्लॅमिडोमोनास या हिरव्या शेवाळाचं एफव्ही/एफएम (प्रकाशसंश्लेषणाच्या कार्यक्षमतेचं माप) लगेच घसरतंय: इजा खरी, की मोजणीचा घोळ?

पाणशेवाळ:
क्लॅमिडोमोनास राइनहार्डटी, टॅप (ट्रिस-ॲसिटेट-फॉस्फेट) माध्यम, हरितद्रव्य मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम. १५ मिलीच्या काचेच्या नळ्या काठोकाठ भरून बूच घट्ट. कोबाल्ट-६० चं गॅमा चेंबर जुनं आहे, मात्रादर मिनिटाला १० ग्रे (शोषलेल्या किरणोत्सर्गाचं एकक). १००, ३०० आणि ६०० ग्रे दिल्यावर २० मिनिटं अंधारात ठेवून पॅम फ्लुरोमीटरवर (हरितद्रव्याची प्रतिदीप्ती मोजणारं यंत्र) वाचन घेतलं. कंट्रोल ०.७०, ६०० ग्रेला ०.५२, मधले दोन पायरीपायरीने खाली. कंट्रोलची नळी शेकरवर उजेडात होती. प्रकाशप्रणाली-२ ला (प्रकाशसंश्लेषणात पाण्याचं विघटन करणारी यंत्रणा) मात्रेच्या प्रमाणात इजा होते, असं यावरून लिहिता येईल का?

मंदप्रकाश:
एवढ्यावर नाही. १०० ग्रेची नळी चेंबरच्या अंधारात १० मिनिटं होती आणि ६०० ग्रेची तासभर. मात्रेबरोबर अंधारही वाढत गेला, म्हणून आलेख इतका सरळ दिसतोय.

बूच लावलेल्या दाट कल्चरमध्ये पेशी श्वसनाने प्राणवायू संपवतात. २५ अंशाला हवेशी समतोल असलेल्या पाण्यात लिटरमागे तो जेमतेम २५० मायक्रोमोल असतो. तुमच्या दाटपणाला तासाभरात तळ गाठतो. मग प्लास्टोक्विनोनचा (प्रणाली-२ कडून इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू) साठा क्षपित होतो, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरून जातो, प्रकाश गोळा करणारी प्रथिनं प्रणाली-२ सोडून प्रणाली-१ कडे जातात (अवस्था-२) आणि एफएम (कमाल प्रतिदीप्ती) खाली येतं. क्लॅमिडोमोनासमध्ये हा बदल फार ठळक असतो. एफव्ही/एफएम पडलं, पण डी-१ प्रथिन (प्रणाली-२ चा गाभा) शाबूत असू शकतं.

प्रत्येक मात्रेला तितकाच वेळ, त्याच तापमानात, तशाच बंद नळीत अंधारात ठेवलेला वेगळा कंट्रोल हवा. मात्र किरणांनी तयार झालेले सेंद्रिय मूलकही प्राणवायू खातात, ते या कंट्रोलमध्ये दिसणार नाही. म्हणून सगळ्याच नळ्या वाचनाआधी उथळ फ्लास्कमध्ये ओतून मंद उजेडात २० मिनिटं हलवा, मग ५ मिनिटं ७३० नॅनोमीटरचा अतिलाल प्रकाश, मग वाचन. या २० मिनिटांत डी-१ ची दुरुस्ती होऊन चित्र बिघडू नये म्हणून अर्ध्या नळ्यांत लिंकोमायसिन (हरितलवकातली प्रथिननिर्मिती थांबवणारं प्रतिजैविक) घाला, मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम. लिंकोमायसिन असतानाही आकडा ०.७० च्या आसपास परतला, तर ती इजा नव्हतीच.

ग्रे_मोजणारा:
माध्यमाकडेही बघा. टॅपमधला २० मिलिमोलर ट्रिस हायड्रॉक्सिल मूलक टिपून घेतो, त्यामुळे पेशीबाहेरून होणारा मारा बोथट होतो. शिवाय ॲसिटेट खाऊन पेशी प्रकाशसंश्लेषणाशिवायही वाढतात, म्हणजे पुढच्या दिवसांतली इजा झाकली जाते. ॲसिटेट नसलेलं माध्यम घ्या.

दुसरं, हायड्रोजन पेरॉक्साइड. नुसत्या पाण्यात ६०० ग्रेला साधारण ४४ मायक्रोमोलर तयार होतं. माध्यमात आकडा बदलतो. त्याचा हिशेब वेगळा काढायचा तर कल्चर अपकेंद्रित करून वरचा द्रव किरण न दिलेल्या पेशींवर घाला, आणि एका नळीत चेंबरमधून काढताक्षणी कॅटालेज (पेरॉक्साइडचं विघटन करणारं विकर) घाला.

काचेच्या नळ्या पुन्हा पुन्हा वापरू नका. गॅमाने बोरोसिलिकेट काच तपकिरी होत जाते. त्याच नळीत कल्चर वाढवलं किंवा फ्लुरोमीटरला लावलं तर उजेडच कमी पोचतो. या मात्रांना पॉलिप्रोपिलीन चालतं. आणि मात्रादर प्रमाणपत्रावरून घेत असाल तर कोबाल्टचा महिन्याला सुमारे १.१ टक्क्यांचा क्षय धरलाय ना? फ्रिक डोसीमीटर (मात्रा मोजणारं लोहक्षाराचं द्रावण, वाचन ३०४ नॅनोमीटरला) ४० ते ४०० ग्रेमध्ये विश्वासाचा, तेवढं एकदा करून घ्याच.

पाणशेवाळ:
प्रमाणपत्रावरचाच दर थेट घेतला होता, क्षय धरला नव्हता. पण सगळं दुरुस्त केल्यावर फरक उरलाच नाही तर?

मंदप्रकाश:
तर तोही निष्कर्षच. पेशीत प्रणाली-२ च्या असंख्य प्रती असतात, केंद्रकातला डीएनए क्लॅमिडोमोनासमध्ये एकाच प्रतीत. त्यामुळे आधी विभाजन थांबतं, प्रकाशसंश्लेषण बराच काळ चालू राहतं. ग्रेनोबलच्या अणुभट्टीत वापरलेलं इंधन ठेवतात त्या पाण्यात सापडलेलं कोक्कोमिक्सा ॲक्टिनाबायोटिस तर २० किलोग्रेपर्यंत तग धरतं.

विभाजन थांबलेल्या पेशी फुगत राहतात आणि पेशीमागे हरितद्रव्य वाढतं. नुसत्या ७५० नॅनोमीटरच्या शोषणावर विसंबलात तर कल्चर वाढतंय असंच वाटेल. २४, ४८ आणि ७२ तासांनी हिमोसायटोमीटरवर मोजणी करा, शेजारी १.५ टक्के अगारवर वसाहती मोजा, आणि प्राणवायू-निर्मिती दोन्ही प्रकारे मांडा: पेशीमागे आणि हरितद्रव्यामागे. हे दोन आलेख वेगळ्या दिशेला जाताना दिसले, तर प्रबंधात तीच जोडी आधी द्या.