मदत हवी आहे: १६ सेंमी मनगटावर ३५ मिमीचं जुनं एचएमटी घड्याळ लहान दिसेल का?

रंकाळ्याचा_वारा:
मंडळी, मनगटाचा घेर १६ सेंमी. सध्या हातात ४४ मिमीचं क्वार्ट्झ (सेलवर चालणारं) आहे, बाहीत अडकतं. त्याऐवजी चावीचं एचएमटी जनता घ्यायचंय. कोल्हापुरातच दोन बघून ठेवलीत. एकाची पांढरी डायल पिवळट पडलीय आणि काचेवर चरे आहेत. दुसऱ्याची डायल मरून रंगाची, अगदी नवी कोरी. भाव सारखाच. कुठलं घेऊ? ३५ मिमी बायकी दिसेल असं घरचे म्हणतात. पट्टा चप्पल लाईनमधून (इथला चपलांचा बाजार) शिवून घेतला तर चालेल का? आणि इथल्या पावसात हे घड्याळ टिकेल का?

काटा_सरळ:
आधी मापाचं बघू. जनता बाजारात आलं त्या काळात ३३ ते ३६ मिमी हेच पुरुषांच्या घड्याळाचं माप होतं. १९४५ चं रोलेक्स डेटजस्ट ३६ मिमीचं, आणि तेव्हा ते मोठ्यातच मोडायचं. पानेराई कंपनीने १९९३ मध्ये ४४ मिमीचं लुमिनॉर विक्रीला आणलं, नंतरच्या वीसेक वर्षांत बाकीचेही फुगत गेले आणि आपली नजर त्याला सरावली. आता वारं फिरलंय. ट्यूडरने २०१८ मध्ये ३९ चं ब्लॅक बे ५८ काढलं, २०२३ मध्ये ३७ चं ब्लॅक बे ५४. रोलेक्सने एक्सप्लोरर ३९ वर नेलं होतं, ते २०२१ मध्ये परत ३६ वर आणलं. घरच्यांना एवढं सांगा.

पण खरं माप व्यासाचं नसतंच. शिंगं म्हणजे पट्टा जिथे अडकतो ती टोकं. वरच्या शिंगाच्या टोकापासून खालच्या शिंगाच्या टोकापर्यंतची लांबी व्हर्नियरने मोजा, आणि मनगटाची वरची सपाट रुंदी पट्टीने. १६ सेंमी घेराला ही रुंदी साधारण ५० ते ५२ मिमी भरते. शिंगं तिच्या आत राहिली पाहिजेत. जनताची लांबी चाळिशीच्या आसपास, म्हणजे दोन्हीकडे पाचेक मिमी मोकळे. तुमच्या ४४ वाल्याची शिंगं बहुतेक कडेबाहेर लोंबत असणार, बाहीत अडकतं ते त्यामुळेच. शिवाय जनताची कड बारीक आणि डायल पांढरी, त्यामुळे ते मापापेक्षा मोठं दिसतं. त्याच मापाचं काळ्या डायलचं एचएमटी पायलट हातावर लहान वाटतं.

आरसा समोर धरून बघा. मान खाली घालून बघितलं की प्रत्येक घड्याळ मोठं दिसतं.

तांबडा_पांढरा:
भावा, मरून अजिबात घेऊ नकोस! नंतर नव्याने रंगवलेली डायल आहे ती. दहा पट भिंगाखाली धर: अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतील, मिनिटांच्या रेघा कुठे जाड कुठे बारीक, आणि सहाच्या खालची बारीक अक्षरं एकतर गायब नाहीतर वाकडी. देवनागरीत ‘जनता’ लिहिलेल्या डायलला मागणी जास्त, म्हणून त्याच सगळ्यात जास्त रंगवल्या जातात. पिवळट पडलेली डायल बहुतेक अस्सल असते, तीच घे. काच ॲक्रिलिकची आहे, चरे पॉलिशने जातात. तडा असेल तर नवी काच बसते, फार खर्च नाही.

पण डायलपेक्षा मशीन बघ. चावी पंचवीस-तीस वेळा फिरवल्यावर घट्ट व्हायला हवी. फिरतच राहिली तर स्प्रिंग तुटलीय. मग चावी ओढून काटे फिरव. लोण्यासारखे हलके फिरले तर कॅनन पिनियन (मिनिटकाटा ज्यावर बसतो ती नळी) सैल झालंय: मशीन टिकटिकत राहतं आणि काटे मागे पडतात. ते घट्ट करून मिळतं, तेवढा भाव पाड.

केसवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, क्रोमचा मुलामा आहे, आत पितळ. मुलामा उडालेला असेल तर तसाच राहू दे. घासून पॉलिश केलं की शिंगांच्या धारा गोल होतात, त्या परत येत नाहीत. गुजरीत (सराफांकडे) नेऊन सोन्याचं पाणी द्यायची हौस तर करूच नकोस.

पट्टा_अठरा:
पट्ट्याचं मी सांगतो. शिंगांमधलं अंतर बहुतेक १८ मिमी निघेल, तरी मोजून घ्या. बकलकडे १६ पर्यंत निमुळता करा. ४४ च्या घड्याळाचा जाड पट्टा याला लावला तर घड्याळ बिचारं हरवून जातं.

आता लांबी. घेर १६० मिमी, निम्मा ८०. त्यातून शिंगांच्या लांबीचा निम्मा, म्हणजे २०, वजा करा. बकलकडचा तुकडा ६० ते ६५ मिमी हवा, तर बकल मनगटाच्या बरोबर मधोमध येईल. बाजारात सर्रास ७५ मिळतो, म्हणून बारीक मनगटावर बकल एका अंगाला सरकतं. भोकांकडचा तुकडा १०५ ते ११०.

कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. टिकाऊ, पण तळाचं कातडं पट्ट्याला फार जाड आणि ताठ. वरचा थर १.२ मिमीपर्यंत सोलून घ्या, अस्तर ०.८ चं. तेल पाजलेलं कातडं नको, बाहीला डाग पडतात. आणि बकल स्टेनलेसचं किंवा पितळेचंच लावा. साध्या लोखंडाला घाम लागला की कातड्यातलं टॅनिन काळं पडतं आणि तो डाग जात नाही.

काटा_सरळ:
पावसाचं: या घड्याळात पाणी अडवायची सोय नाही असंच धरून चाला. जून ते सप्टेंबर शक्यतो घालू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा चावी द्या. काचेआड वाफ दिसली तर तांदळात पुरू नका, ड्रायर मारू नका. त्याच दिवशी मागचं झाकण उघडून घ्या. गंज आधी चावीच्या दांड्याला धरतो.

सर्व्हिसला देताना मशीन पूर्ण सुटं करणार का, हे आधी विचारा. काही जण अख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुचकळून वर तेलाचा थेंब सोडतात. घाण चाकांच्या टोकांखालच्या खड्यांच्या भोकांत तशीच राहते, तेल हेअरस्प्रिंगवर (घड्याळाची गती ठरवणाऱ्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगवर) जातं आणि वेटोळी एकमेकांना चिकटतात.

रंकाळ्याचा_वारा:
पिवळटच घेतो. फक्त ते दुकानात तासाला दोन मिनिटं पुढे पळत होतं. सोडून देऊ का?

काटा_सरळ:
नका सोडू. एवढं पुढे पळतं म्हणजे हेअरस्प्रिंग चिकटलीय किंवा तिला चुंबक लागलंय. साधं होकायंत्र घड्याळाजवळ न्या. सुई हलली तर आधी चुंबक उतरवून घ्या, मिनिटभराचं काम आहे. सुई हललीच नाही तर मशीन खोलावं लागेल, तो खर्च भावातून कापा.