डेस्कटॉपवर ३५ हजार घालू की ५५? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घरातला २०१४ चा आय-३ प्रोसेसरचा (इंटेलचा) डेस्कटॉप आता अगदीच टेकीला आलाय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही (त्याला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो). नाहीतर मी आणखी दोन वर्षं ढकलली असती!

वापर असा: बायकोचं टॅली आणि जीएसटीचं काम, मुलीचं अकरावीचं पायथॉन, माझं यूट्यूब. गेमिंग शून्य.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात चौकशी केली. एकाने आय-३ १२१००, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, मॉनिटरसकट ३५ हजार सांगितले. शेजारच्या दुकानदाराने एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी असं करत करत आकडा ५५ वर नेला. वर म्हणतो, "साहेब, एकदाच घ्यायचंय ना!" हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो.

माझं मत आय-३ कडे झुकतंय. रॅमचा एक स्लॉट मोकळा ठेवून नंतर आणखी ८ जीबी टाकता येईल ना? की आत्ताच १६ घ्यावी? तिसरा पर्याय, ऑफिसातून निघालेला, वापरलेला आठव्या पिढीचा आय-५. मेहुणा म्हणतो डोळे झाकून घे. वॉरंटीचं काय, ते मात्र सांगत नाही.

आणि हो, या खर्चात यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ चालवणारा बॅटरी बॅकअप) धरलेला नाही. आमच्याकडे वीज रोज जाते. ६०० व्हीए क्षमतेचा पुरेल का?